गाऱ्हाण्याला होकार

काशीराम गावकाराने देवापुढे नारळ धरला आणि मागे वळून पाहिलं. देवळात सगळ्या बायकाच. पुरुष म्हणायला एक म्हातारा गुरव तेवढा. गावाचं गाऱ्हाणं देवाला सांगायचा मान गावकाराचा आणि त्याला होकार द्यायचा मान बाप्यांचा. पण बाप्ये सगळे मुंबईला, गिरण्यांत. तेव्हा होकार आता बायकाच देत, आणि देवाने अजून तरी कुरकुर केली नव्हती.

"बा देवा म्हाराजा, दसऱ्याच्या दिसाला तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमलीत."

"व्हय म्हाराजा," बायका पुटपुटल्या. सकाळपासून भात कापून त्यांच्या कमरा मोडल्या होत्या.

"गुरावासरांस्नी सांभाळ. साप-विंचवापासून राखण कर."

"व्हय म्हाराजा."

पुढचं मागणं ठरलेलं होतं : मुंबईला गेलेल्यांना कामधंदा दे. काशीरामचा बाप तेच मागत आला, काशीरामही केस पिकेपर्यंत तेच मागत आला. आणि देव ऐकत होता, हेच तर दुखणं होतं. एकाला काम लागायचं, मग त्याच्या भावाला लागायचं, मग एखाद्याची बायकापोरंही तिकडेच. फक्त गिरण्यांचा मोठा संप झाला त्या साली सगळे घरी आले. महिनोन्महिने राहिले. काशीरामचा मुलगा लवू रोज संध्याकाळी अंगणात ढोल बडवायचा. त्या सालची भूक काशीरामच्या ध्यानात नव्हती, ढोल मात्र होता.

"बा देवा," तो म्हणाला, "मी आता थकलो. मुंबयच्या गिरण्यांना टाळां लाव. आमची पोरां घरला धाड."

होकार आला नाही.

त्याने वाट पाहिली. सोनूबाईने पदर तोंडाशी नेला. तिची नातवंडं मुंबईच्या मनिऑर्डरवर जगत होती. शेवटी काशीरामने आपल्या बायकोकडे पाहिलं. लवूची आठवण काढून रोज रडणारी सखू तरी म्हणेल, अशी त्याला आशा होती.

"नको तां गाऱ्हाणां," सखू हळूच म्हणाली. "त्या साली बियाण्याचा भात शिजवून घातलाय मी पोरांस्नी. ठरलेलां हाय तां मागा."

गावाने होकार दिला नाही तर मागणं देवाला पोचत नाही. काशीरामला ते ठाऊक होतं. त्याने पुन्हा देवाकडे तोंड केलं.

"मुंबयला गेलेल्या पोरांस्नी सुखी ठेव," तो म्हणाला. "त्यांचां काम कधी सुटू देऊ नको."

"व्हय म्हाराजा!"

एवढा मोठा आवाज त्या देवळात कित्येक वर्षांत उठला नव्हता. त्यात सखूचा सगळ्यांच्या वर होता.