सीटचे चार बोल्ट

चिठ्ठी हातात पडली. तेरा पॉइंट शून्य चार.

सूनबाईने ती दोनदा वाचली, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर आकडा ओशाळून खाली येणार होता. मग गाडीच्या खिडकीतून आत दिली. सासऱ्यांनी हेल्मेट काढलं, चिठ्ठी पाहिली आणि नुसतं "हं" केलं.

चारशे मीटरचा सरळ पट्टा. हिरवा दिवा लागला की सुटायचं. तेरा सेकंदांच्या आत जो पलीकडे पोचेल त्याचं नाव मनोऱ्यावरच्या फळ्यावर रंगवत. अकरा वर्षं सासरे त्या फळ्याकडे मान वर करून बघत आले होते. मधली दोन वर्षं तेवढी सुटली. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली ती टाकलीच. पुढे नवी सून घरात आली, तिने ताडपत्रीचं टोक उचललं आणि विचारलं, "बाबा, ही चालते का?"

पासष्टी उलटली की या पट्ट्यावर गाडी चालवू देत नसत. सासऱ्यांची पासष्टी पुढच्या महिन्यात होती. आज मोसमाचा शेवटचा दिवस, आणि उरली होती एकच फेरी.

इंजिनातून जेवढं पिळून काढायचं तेवढं काढून झालं होतं, म्हणून यंदा दोघांनी वजनाला हात घातला होता. पंचेचाळीस किलो उतरले की सेकंदाचा दहावा भाग वाचतो, असा सासऱ्यांचा हिशोब. मागची सीट गेली, शेजारची गेली. हीटर, स्टेपनी, जॅक, सगळं गेलं. मागच्या काचेच्या जागी प्लॅस्टिक आलं. निघालेली प्रत्येक वस्तू सूनबाई काट्यावर ठेवायची आणि शेडच्या भिंतीवर खडूने वजन लिहायची. स्क्रू तर ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची. "उद्या मलाही तोलून माळ्यावर टाकाल," नवरा म्हणायचा. त्याला गाडीत बसलं की मळमळायचं. बापाचं वेड परस्पर बायकोने उचललं, म्हणून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला होता.

ड्रायव्हरच्या सीटखालचे रूळसुद्धा काढले होते. साडेतीन किलो. रूळ गेले की सीट पुढेमागे सरकत नाही. चार बोल्टांनी ती थेट पत्र्यावर बसवायची, कायमची. त्या दिवशी सासऱ्यांनी सूनबाईला वजन म्हणून सीटवर बसवलं आणि खाली वाकून भोकांच्या खुणा केल्या.

तिथेच घोळ झाला. सीट चांगली चार बोटं पुढे बसली. सासरे उंचेपुरे. सहा आठवडे ते गुडघे पोटाशी घेऊन गाडी हाकत होते आणि स्टिअरिंगवर आपटून गुडघे काळेनिळे झाले होते. भोकं नव्याने पाडू या म्हटलं की "पत्रा कमजोर होईल" म्हणत. "माप चुकलं बाबा तुमचं," असं ती येताजाता चिडवायची. "वय झालं आता," ते म्हणायचे, आणि मग तिलाच चुटपुट लागायची. ती स्वतः मागच्या वर्षी सरावाला बरीच चालवायची. यंदा मात्र तिने एकदाही चाक हातात घेतलं नव्हतं. शेवटचं वर्ष त्यांचं, तर फेऱ्याही सगळ्या त्यांच्याच.

"आता काय काढायचं?" तिने आत डोकावून विचारलं. आत काढण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"एक धूड राहिलंय," सासरे म्हणाले. "चौऱ्याण्णव किलोंचं."

आणि ते कण्हत, कुंथत, दाराला धरून बाहेर आले.

"बाबा, नाही हं! आजचा दिवस तुमचा आहे."

"तुझं नाव सकाळीच देऊन ठेवलंय. तू चोपन्न किलो, म्हणजे चाळीस उतरले. बस लवकर, रांग पुढे सरकतेय."

वाद घालायला वेळच नव्हता. तिने हेल्मेट चढवलं, आत बसली, पट्टे आवळले आणि क्लचवर पाय ठेवला. पाय अगदी तळापर्यंत गेला. कोपर जेवढं वाकायला हवं तेवढंच वाकून हात स्टिअरिंगवर आला. गिअरचा दांडा मुठीत बसला. गुडघा कशालाच लागला नाही.

तेव्हा तिला तो दिवस आठवला. वजन म्हणून बसवलं होतं ना? मग सासरे खालून सारखं का सांगत होते, "क्लच पूर्ण दाब. आता स्टिअरिंग धर. पाठ टेकव नीट"?

तिने काचेतून पाहिलं. सासरे स्वच्छ काच उगीचच पुसत होते आणि तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिला एकदम भरून आलं. जन्मदात्यानेही तिच्यासाठी एवढं कधी केलं नव्हतं. एक ताडपत्री काय उचलली, आणि या माणसाने त्याची केवढी जाण ठेवली! डोळे पुसायचे तर हेल्मेट मधे. ती तशीच ओल्या डोळ्यांनी दिव्यांकडे बघत राहिली. पिवळा. पिवळा. हिरवा.

बारा पॉइंट पंच्याण्णव.

"नाव काय लिहू?" मनोऱ्यावरून रंगाऱ्याने विचारलं. सासऱ्यांनी खालून तिचं अख्खं नाव ओरडून सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. मग लंगडत गाडीपाशी आले.

"सहा आठवडे मी तुम्हाला चिडवत होते, बाबा," ती कशीबशी म्हणाली. "माप चुकलं म्हणून."

"तेहतीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर काढली, पोरी," सासरे गुडघा चोळत म्हणाले. "माझं माप एकदाही चुकलं नाही."