रंभाजीचं मत

पंचायतीच्या भिंतीवरच्या पडद्यात ग्रामसभा भरली होती. एकशे चाळीस हात वर झाले. त्यात रंभाजीचाही होता. रंभाजीला जाऊन चार वर्षं झाली होती.

कासाबाईने नवऱ्याला टोपीवरून ओळखलं. टेंभुरवाडीची पंचायत शेजारच्या मोठ्या कोळवणी गावात विलीन करायच्या ठरावाला तो होकार देत होता.

"भाऊसाहेब, मालक तिथं कसे?" तिने ग्रामसेवकाला विचारलं.

"सभेला माणसं येत नाहीत, मावशी. म्हणून सरकारनं यादीतल्या प्रत्येकाचं प्रतिरूप केलंय. माणसानं काय मत दिलं असतं, ते मशीन ओळखतं."

"अन् मेलेल्यांचं?"

"विलीनीकरणाचं अनुदान डोक्यामागं मिळतं. नावं कमी करू नका, असा वरून निरोप आहे. तुमचाही हात वर आहे बघा."

खरंच होता.

तीस वर्षांपूर्वी वाडीला कोळवणीपासून वेगळी पंचायत मिळाली, ती एका मताने. शेवटचं मत रंभाजीचं. त्याने डावा हात वर केला. डावा हात मोजायचा नाही, असं कोळवणीवाले ओरडले, तेव्हा त्याने उजवी बाही वर करून दाखवली होती. तो हात कोपरापासून मळणीयंत्रात गेला होता.

पडद्यावर रंभाजीने उजवा हात वर धरला होता. पाची बोटं शाबूत होती.

"नकली हातासाठी नऊ वर्षं अर्ज केले त्यांनी, याच टेबलावर," कासाबाई म्हणाली. "आज दिलात होय?"