गळपट्टा

"एका अतिउजव्या संघटनेच्या महिला शाखेत मी दोन वर्षं राहिलो," डॉ. शर्वाणी तांबट भरदार पुरुषी आवाजात म्हणाल्या.

"साडी नेसून का, सर?" मागून कुणीतरी विचारलं. सभागृह हसलं.

त्या 'राहिले' म्हणाल्या होत्या. अतिउजव्या संघटनांवर संशोधन करणाऱ्या स्त्रियांना धमक्या येतात, म्हणून विद्यापीठाने गळपट्टा सक्तीचा केला होता. तो बाईचा आवाज पुरुषी करत असे, क्रियापदंही.

शर्वाणीबाईंनी गळपट्टा ओरबाडून काढला.

"मॅडम, थेट प्रक्षेपण चालू आहे, तो तुमच्याच सुरक्षेसाठी आहे," कुलसचिव कुजबुजले.

"मग धमक्या देणाऱ्यांच्या गळ्यात बांधा!"

त्या सभागृहाकडे वळल्या. "तिथल्या बायकांनी पाठीवरचे वळ मला दाखवले, कारण मी बाई आहे. आता हसा."

टेबलावरचा त्यांचा फोन धमक्यांच्या संदेशांनी थरथरू लागला, थांबेचना. तो पालथा घालून त्या पुढे बोलू लागल्या.