पहिल्या घंटेनंतर

“बसा ना,” मोठ्या बाई म्हणाल्या, पण फोरमन उभेच राहिले. नातीच्या तक्रारीसाठी शाळेतून बोलावणं यायची ही पहिलीच वेळ. अशा वेळी खुर्चीत टेकायचं नसतं, असं त्यांना वाटलं.

बाईंचं म्हणणं साधं होतं. भिंगरी अभ्यासात बरी, पळण्यात तर शाळेत पहिली. पण हल्ली ती सारखी उशिरा येते. दुसरी घंटा झाली की फाटक बंद. मागे राहिलेल्यांनी पहिला तास व्हरांड्यात उभं राहायचं, हा नियम. तिनं तोही अंगवळणी पाडून घेतला होता. कारण विचारलं तर चकार शब्द काढत नव्हती.

“आता एकदा जरी उशीर झाला, तरी शर्यतीच्या संघातून नाव काढावं लागेल,” बाई म्हणाल्या. “मला त्यात आनंद नाही. पण एकीला सोडलं की उद्या सगळा वर्ग सवलत मागतो.”

“अगदी बरोबर आहे तुमचं. पण बाई, तिला सोडायला मीच येतो. पहिल्या घंटेच्याही आधी. ती आत गेलेली बघतो, मगच वळतो.”

बाईंनी चष्मा काढला. “मग आत आलेली मुलगी जाते कुठे?”

फोरमनच्या डोक्यात किडा वळवळू लागला तो तेव्हापासून.

कारखान्यात असताना भोंगा वाजला की ते स्वतः फाटक ओढून घ्यायचे. बाहेर राहिलेल्याची सबब ऐकायची नाही, हा त्यांचा खाक्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी गल्लीत सगळे त्यांना फोरमनच म्हणत. मान होता त्यांना. शाळेतून परतताना वाटेत कोणी ना कोणी भेटायचं आणि गप्पा मारत थेट घराच्या दारापर्यंत यायचं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. सूनबाई उसळली.

“दोन मिनिटांच्या उशिराला तासभर उभं करायचं? शाळा आहे की तुरुंग?”

“आज दोन मिनिटं, उद्या दोन तास. आणि उशीर का होतो, ते तिलाच विचार.”

भिंगरी ताटाकडे बघत म्हणाली, “बुटाची नाडी सुटते. बांधत बसते.”

“रोज?”

“हो.”

धडधडीत खोटं. फोरमनना आणखी एक गोष्ट आठवली. शाळेची व्हॅन सोडून ‘मी आजोबांबरोबर चालत जाणार’ हा हट्ट तिचाच. तेव्हा त्यांना भरून आलं होतं. आता वाटलं, व्हॅनवाला पोरांना मोजून आत सोडतो. म्हाताऱ्याच्या हातावर तुरी देणं सोपं.

“मी बाईंना सांगून आलोय,” ते म्हणाले. “नाव काढायचं तर खुशाल काढा. माझी हरकत नाही.”

“बाबा, वर्षभर पहाटे उठून पळतेय ती,” सूनबाई म्हणाली.

“मग तोंड उघडू दे की तिला.”

भिंगरीनं पहिल्यांदा मान वर केली. डोळे भरले होते. “काढू दे नाव,” ती म्हणाली. “चूक माझीच आहे.”

इतक्या सहज? जी मुलगी शर्यतीसाठी ताप लपवते, ती संघावर पाणी सोडायला तयार होते, म्हणजे प्रकरण भलतंच असणार. पोर मोठी होत चालली होती. कोणीतरी नादाला लावली असेल.

सकाळी ती नेहमीसारखी त्यांचा हात धरून चालली. मैत्रिणी हसल्या तरी तिनं हात सोडला नाही. फाटकाशी म्हणाली, “आजोबा, सरळ घरी जा हं.”

“तू सरळ वर्गात जा,” फोरमन म्हणाले.

ते चार पावलं गेले आणि उभ्या असलेल्या टँकरच्या आड थांबले.

पहिली घंटा झाली. मुलांचा लोंढा आत चालला होता आणि भिंगरी त्यातून उलटी बाहेर येत होती. दप्तर छातीशी धरून, रखवालदाराची पाठ बघून ती निसटली आणि झपझप रस्त्याला लागली.

फोरमन मागे निघाले.

कोपऱ्यावर ती थबकली. दोन्ही रस्त्यांकडे मान उंचावून बघितलं. न्हाव्याच्या दुकानात डोकावली. मग चालण्याचं पळणं झालं. कोणाला तरी शोधत होती ती, आणि तो आज भेटत नव्हता.

मागे दुसरी घंटा वाजली. भिंगरीनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

फोरमन धापा टाकत, भिंती धरत तिच्या मागे गेले. सायकलच्या एका दुकानापाशी ती थांबली. आतून एक माणूस बाहेर आला. हात वंगणानं काळे, दाढी वाढलेली. फोरमननी त्याला जन्मात कधी पाहिलं नव्हतं. तिला बघताच तो हातातलं चाक टाकून पुढे आला. भिंगरी बाहीनं डोळे पुसत काहीतरी बोलली आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

फोरमनचं रक्त उसळलं. पण मुद्देमालासकट पकडायचं, तर घाई करून चालणार नव्हतं. टांगलेल्या टायरांच्या आडून ते अगदी जवळ सरकले.

“नाही गं, आज इकडे फिरकलेच नाहीत,” तो माणूस सांगत होता. “परवा वाट चुकून नाल्यापाशी उभे होते, तिकडे बघू. मीच नाही का दारापर्यंत आणून सोडलं? पण हे असं किती दिवस चालायचं? घरी सांगून टाक आता.”

“नको काका,” भिंगरी म्हणाली. “घरी कळलं, तर आजोबांना एकट्याला बाहेर सोडणार नाहीत.”