वत्सलाची हिरवळ

"साहेब, आज मशीन फिरवू नका, पाया पडते तुमच्या." वत्सला ढेबे हॉटेलच्या हिरवळीवर गवत कापायच्या मशीनपुढे उभी राहिली. थंडीत वाढणारं हे विलायती गवत तिनं अकरा वर्षं जपलं होतं. यंदा मे महिन्यात डोंगरावरही ऊन भाजत होतं.

"उद्या इथे लग्न आहे. गवत बारीक हवं," मॅनेजर म्हणाला.

"उंच राहिलं तर मुळांवर सावली राहते. आत्ता कापलं तर मरेल ते."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

अंथरुणाला खिळलेला नवरा डोळ्यांसमोर आला आणि ती बाजूला झाली.

लग्न थाटात झालं. चार दिवसांत सगळी हिरवळ वाळली. मॅनेजरनं मालकांना सांगितलं, "हिनं पाणीच घातलं नाही." तिची नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती तरीही आली. गुडघ्यांवर बसून वाळलेले झुबके बोटांनी उकलू लागली. सगळे कोरडे. कुंपणाजवळ मात्र एका झुबक्याचा बुंधा पांढरा, ओलसर निघाला.

"तुला काढलंय ना? इथे काय करतेस?" वॉचमन ओरडला.

"हा जिवंत आहे," ती रडत म्हणाली. "ऊन चढायच्या आत मला पाण्याची नळी द्या."