मागची किटली

व्याहीबुवांनी कॉफीचा घोट घेतला, डोळे मिटले आणि जिभेने टाळूवर टक्क वाजवलं.

"वा! याला म्हणतात कॉफी. आमच्या देशात, पुलापलीकडे, मिळतं ते नुसतं गढूळ गरम पाणी."

त्यांची सून ट्रे घेऊन दाराशी उभी होती, माहेरी, आपल्या बाबांच्या कॉफीच्या दुकानात.

ती कॉफी मागच्या किटलीतली होती. गिऱ्हाइकांनी कपात टाकलेलं सगळं त्या किटलीत जमा व्हायचं, वापरलेला चोथा त्यातच पुन्हा उकळायचा आणि वास मारू नये म्हणून वर चमचाभर जळकी साखर पडायची. पुलापलीकडून आलेल्या गिऱ्हाइकाला हीच द्यायची, असा तिच्या बाबांचा दंडक होता. "त्यांचा जन्म बिअरमध्ये गेला. गाढवाला गुळाची चव काय!" आजही त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मागची दे. व्याही झाले तरी जीभ पलीकडचीच."

आणि बाबा स्वतः काय पीत होते? व्याह्यांनी भेट म्हणून आणलेली बिअर. मिशीवरचा फेस पुसत ते म्हणाले, "आमच्याकडची बिअर म्हणजे साबणाचं पाणी हो. चव बघावी ती तुमच्या देशातली!"

बिअरच्या मोठ्या कॅनचं निळं झाकण पाहताच तिने तो ओळखला होता. लग्न होऊन पुलापलीकडे गेली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात त्यांच्या बिअरच्या दुकानात दाखवलं होतं, पिंपाच्या नळाखालच्या थाळ्यात सांडलेली, पेल्यांच्या तळाशी उरलेली, कुणाकुणाच्या मिशा बुडालेली बिअर या कॅनमध्ये ओतायची. पुलाच्या अलीकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. "कॉफी पिणारी माणसं ती, वर फेस दिसला की खूश," असं सासरे हसत हसत सांगायचे. आज त्यांनी स्वतःच्या व्याह्यालाही तेच आणलं होतं, वर लाल फीत बांधून.

एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, असे हे दोघे. दोन्हीकडच्या मोऱ्या ठाऊक असलेली ती एकटीच होती.

टेबलावर दोघांच्या मध्ये किल्ली होती. पुलावरच्या चौकीशेजारचा गाळा दोघांनी मिळून घेतला होता. एका बाजूला कॉफी, दुसऱ्या बाजूला बिअर, आणि चालवणार ती. स्वतःचं दुकान असावं, तिथे जे मिळेल ते ताजंच मिळावं, एवढंच तिला लहानपणापासून दुसऱ्यांचे कप विसळताना हवं होतं. "नव्या गाळ्यात मागची किटली नको," असं ती सकाळी म्हणाली, तेव्हा बाबा हसले होते. "वेडी का खुळी? अगं, नफा त्या किटलीतच आहे."

"दोन्ही धंदे हिला पाठ आहेत," सासरे आता म्हणाले आणि तिच्याकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला. बाबांनीही मिचकावला. ती आपल्याच बाजूची आहे, अशी दोघांचीही खात्री होती.

"सूनबाई, आणखी एक कप होऊ दे."

ती रिकामा होत आलेला कप घेऊन आत गेली. तळाशी घोटभर कॉफी उरली होती, सासऱ्यांच्या ओठांची खूण कपाच्या कडेला उमटलेली. मनात दुसरंच काही चाललं होतं, आणि तिच्या हाताने सवयीने किटलीचं झाकण उघडून तो घोट आत ओतलासुद्धा.

ती आपल्या हाताकडे बघत राहिली. तिला त्या दोघांची आली नव्हती एवढी किळस स्वतःची आली. पाठ झालेला धंदा म्हणतात तो हाच.

तिने किटली उचलली आणि मोरीत उपडी केली. काळा, चिकट गाळ जाळीवर साचून राहिला, तो तिने बोटांनी ढकलला. मग भांडं घासून ताजं पाणी ठेवलं, ताजी पूड घातली आणि स्वतःच्या दुकानात केली असती तशी कॉफी केली.

सासऱ्यांनी एक घोट घेतला. त्यांचा चेहरा आंबट झाला.

"ही काही जमली नाही, सूनबाई. मघासारखी कर."

"मघासारखी हवी तर थांबावं लागेल, मामंजी," ती म्हणाली. "अजून दहा-बारा जणांनी कपात उष्टी टाकायला हवी."

बाबांना ठसका लागला. "अगं, काय बोलतेस!"

"तुम्हीही जरा दमाने प्या, बाबा. त्या कॅनलाही तेवढीच तोंडं लागली आहेत."

सासऱ्यांनी कपात वाकून पाहिलं, बाबांनी पेल्यात. मग दोघे एकदमच उठले आणि एकमेकांच्या अंगावर ओरडले, "तुम्ही मला उष्टं पाजलंत?"

"नातं जोडलं मी तुमच्याशी! लाज नाही वाटली?"

"आणि तुम्हाला वाटली होती?"

पेला कलंडला. बिअर टेबलभर पसरली आणि किल्ली तिच्यात भिजली. किल्लीकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. तिने चिमटीत धरून किल्ली उचलली, मोरीवर नेली, साबण लावून खसाखसा घासली आणि स्वच्छ पाण्याने धुतली. मग वास घेऊन पाहिला, पुन्हा एकदा धुतली आणि कमरेला खोचली.