कपड्यांच्या दोरीवरची फिल्म

ही गोष्ट १९७१ सालची, सॅन फ्रान्सिस्कोतली. पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम उघडंवाघडं दाखवणाऱ्या लायनेलच्या फिल्म्स कुठलीच लॅब धुऊन देत नसे. उलट पोलिसांना कळवायची भीती. म्हणून तो त्या वर माडीवर न्हाणीतल्या टबात धुई आणि खाली घरमालकीण व्हायोलाच्या स्वयंपाकघरात, कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घाली.

त्या दुपारी व्हायोला इस्त्री करत होती. लायनेल चिमटे लावत होता. एमेट दार न वाजवता आत आला. तिशीचा, ट्रामवर कंडक्टर. दोरीवरच्या फिल्ममध्ये तोच होता.

"लायनेल, माझा चेहरा काढून टाक. बाकीचे फिल्मवाले ठेवतात तसं मानेखालचंच ठेव. माझ्या बाबांना कुणी सांगितलं तर?"

"सांगणाऱ्याला आधी तिकीट काढून थिएटरात बसावं लागेल ना रे!" व्हायोला म्हणाली.

"चेष्टा नको, व्हायोलाबाई. नोकरी जाईल माझी."

"मानेखालचं काय, खाटकाकडेही टांगलेलं असतं," लायनेल म्हणाला. "मला माणूस दाखवायचाय." मग त्याने एक पट्टी काढली आणि कात्री पुढे केली. "पण तोंड तुझं आहे. तूच काप. मी अडवणार नाही."

एमेटने पट्टी खिडकीशी धरली. सगळं झाल्यावर जोडीदार कानात काहीतरी पुटपुटलेला, आणि हा उशीवर डोकं टाकून हसतोय. चौकटीमागून चौकट, नुसतं हसू. व्हायोलाच्या इस्त्रीखालून करपल्याचा वास आला तरी तो बघतच होता.

"मी असा हसतो?"

"माझ्या घरात तरी नाही बाबा कधी पाहिलं," ती म्हणाली.

त्याने एकच चौकट कापली आणि पाकिटात ठेवली.

"एवढी माझी. बाकीचं जोडून टाक."

फिल्म एका लहानशा थिएटरात दुपारच्या खेळांना वर्षभर चालली. नेमकं त्या हसण्यापाशी चित्र जरासं उडी मारायचं. कुणीतरी तिकीट काढून बसलाच. एमेटची नोकरी गेली. मग तो घरं रंगवू लागला. चौऱ्याऐंशीत एड्सच्या त्या नव्या आजाराने व्हायोलाच्याच माडीवर गेला. लायनेलही फार मागे राहिला नाही. थिएटर पाडलं तेव्हा फिल्म कचऱ्यात गेली.

एमेटचं पाकीट न्यायला बाबा आले नाहीत.

व्हायोला आता खूप थकली आहे, कपडे धूत नाही. पण दोरी अजून आहे, आणि तिच्यावर एक चिमटा. सकाळचं ऊन खिडकीत आलं की त्या चिमट्यात, नखाएवढ्या तुकड्यात, एमेट हसतो.